ट्रेनरचा आवाज खालच्या मजल्यावर जातोय, काय करता येईल?

सिंहगडरोडी

मंडळी, सल्ला हवा आहे. पाऊस सुरू झाल्यापासून सायकल घरातच, ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड). पावसाळा संपला की २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी, करायची आहे (साडेतेरा तासांची मर्यादा), त्यामुळे सरावात खंड पाडायचा नाही. ऑफिसमुळे वेळ मिळतो तो पहाटे पाचचाच.

ट्रेनर सेकंडहँड, फ्लुइड प्रकारचा (आतल्या द्रवाने रोध देणारा). मागचं चाक रोलरवर टेकतं तो. सायकल हायब्रिड, मूळचेच ७००×३५ चे नक्षीवाले टायर. घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर. आरसीसी बिल्डिंग, व्हिट्रिफाइड टाइल्स. ट्रेनरखाली सध्या योगा मॅट आहे.

खालच्या काकूंनी परवा जिन्यात गाठलं. "अरे, पहाटे पहाटे पिठाची गिरणी सुरू झाल्यासारखं घुमतं आमच्या स्वयंपाकघरात." बाई भांडकुदळ अजिबात नाहीत, म्हणून तर जास्तच ओशाळायला झालं. गंमत अशी की आमच्याकडे आवाजाचं कुणालाच काही वाटत नाही. बायको शेजारच्या खोलीत दार लावून निवांत झोपलेली असते. मोबाइलमधलं अॅप ट्रेनरपाशी ७० डेसिबल दाखवतं, दाराबाहेर ५० च्या आत.

नवीन ट्रेनर घेण्याइतकं बजेट नाही. मॅट बदलू? खिडक्या-दारांना रबर पट्ट्या लावू? भिंतींना फोम?

घाटवेडा

रेनकोट घाला आणि बाहेर पडा की राव! पावसाळ्यात घरात सायकल चालवणाऱ्यांचं मला कोडंच आहे.

सिंहगडरोडी

@घाटवेडा, पहाटेच्या अंधारात पाण्याने भरलेला खड्डा आणि नुसतं साचलेलं पाणी यातला फरक दिसत नाही. घरी तसा शब्दही दिलाय. तो विषय सोडून बोला.

तेलकट_हात

आधी तो टायर बदला. मॅटबिट नंतर.

नक्षीच्या टायरची एकेक गाठ रोलरवर आपटत असते. ताशी ३० च्या वेगाला सेकंदाला ८.३ मीटर टायर रोलरवरून जातो. गाठी अडीच-अडीच सेंटिमीटरवर असतील तर सेकंदाला तीनशेच्या वर टपल्या. मागे गुळगुळीत टायर घाला, तुमच्या रिमला २८ चा बहुतेक बसेल. खास ट्रेनरसाठीचे टायरही येतात (काँटिनेंटलचा होमट्रेनर, व्हिटोरियाचा झफिरो वगैरे). त्यांचं रबर घर्षणाची उष्णता सोसतं आणि काळा भुगा कमी पाडतं. पण ते घालून रस्त्यावर उतरायचं नाही, पकड नसते. जुनं मागचं चाक कॅसेटसकट (मागच्या गिअरच्या चक्र्या) कुठे मिळालं तर त्याच्यावरच चढवून ठेवा, दर रविवारी टायर उतरवत बसायला नको.

मग हवा. टायरवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या जवळ, आणि दर वेळी तेवढीच. हवा कमी असेल तर रोलर रबरात रुततो. रोलरचा नॉब टायरला टेकल्यानंतर दोन-अडीच फेरेच पिळा. रोलरच्या टोकाचं फ्लायव्हील (जड चकती) एका हाताने धरून ठेवा आणि चाक दुसऱ्या हाताने ओढा: घसरलं नाही म्हणजे पुरे. सैल असेल तर जोर लावताना चाक घसरून किंचाळतं, फार आवळलं तर घरघर वाढते आणि बेअरिंगची वाट लागते. टायर आणि रोलर स्पिरिटने पुसून घ्या.

चाक आउट (वाकडं) असेल तर आवाजाला लाट येते, घूं-घूं-घूं. नुसती घूंऽऽ असेल तर चाक ठीक.

चेन धुऊन तेल द्या. कोरड्या चेनची करकर बंद खोलीत फार लागते. बाहेर वाऱ्यात ती कळत नाही एवढंच.

ठाणेकरीण

वाचनखूण साठवली. माझ्याकडे डायरेक्ट ड्राइव्ह आहे, म्हणजे मागचं चाक काढून चेन थेट ट्रेनरवरच्या कॅसेटला. टायर-रोलर प्रकरणच संपलं. पण "सायलेंट" म्हणून जे विकतात त्यावर फार जाऊ नका. ट्रेनर गप्प झाला की इतके दिवस लपलेली चेन ऐकू यायला लागते. आणि त्याहून वर माझा पंखा! जुलैमध्ये ठाण्यात खिडकी बंद करून तासभर ट्रेनर म्हणजे घामाची आंघोळ, पंखा हवाच. छोटा टेबलफॅन फुल्ल स्पीडला ठेवण्यापेक्षा मोठ्या पात्यांचा पेडेस्टल दोनवर ठेवला तर वारा तेवढाच आणि आवाज पुष्कळ कमी.

टॅक्स निओवाल्या मैत्रिणीची एक गंमत सांगते. त्या ट्रेनरमध्ये खडबडीत रस्त्याची थरथर मुद्दाम निर्माण करणारी सोय असते. स्क्रीनवर दगडी रस्ता आला की ट्रेनर थरथरतो, आणि मॅडम महिनाभर सगळे नट आवळत बसल्या होत्या. ती सोय अॅपमधून बंद करता येते.

कंपनांक

धागाकर्त्यांनी स्वतःच उत्तर दिलंय, फक्त पाहिलं नाहीये. शेजारच्या खोलीत आवाज नाही, खालच्या मजल्यावर आहे. म्हणजे हा हवेतून जाणारा आवाज नाही. ट्रेनरचे पाय टाइल हलवतात, टाइलखाली सिमेंटचा थर, त्याखाली स्लॅब, सगळं एकमेकांना घट्ट. स्लॅब हलला की काकूंचं छत हलतं आणि ते छतच त्यांच्या घरात स्पीकरचं काम करतं. दाराच्या पट्ट्या, भिंतीचा फोम, जाड पडदे यांनी तुमच्या खोलीतला आवाज सुधारेल, काकूंना शष्प फरक पडणार नाही. अंड्यांचे ट्रे चिकटवायचा विचार कुणी केला असेल तर अंडी तरी खा.

आता कुठला आवाज खाली जातोय ते पाहू. रोलरचा व्यास साधारण ३० मिमी, म्हणजे घेर ९४ मिमी. ताशी ३० ला तो सेकंदाला ८८ फेरे मारतो. रोलर आणि त्याच्या टोकाचं फ्लायव्हील यांचा तोल किंचित जरी ढळलेला असला तरी ८८ हर्ट्झची घूं तयार. चेनचं पण बघा: पुढे ५० दात्यांची चक्री, मिनिटाला ९० फेरे, म्हणजे सेकंदाला ७५ कड्या दात्यांवर बसतात. ७५ हर्ट्झ. दोन्ही खर्जातले सूर. तेलकट_हात यांनी सांगितलेला ३०० च्या वरचा नक्षीचा आवाज तुमच्या खोलीत जास्त त्रास देतो, आणि स्लॅबमधून घुमत खाली पोचतो तो मुख्यतः हा खर्ज. टायर बदलाच, पण तेवढ्याने भागेल असं मला वाटत नाही.

तुमचं अॅप इथे फसवतं, तेही सांगून ठेवतो. डेसिबल मीटर सहसा "ए" भारांकनावर चालतो, म्हणजे कानाप्रमाणे खालच्या सुरांना कमी मोजतो. ८० हर्ट्झला ही वजावट सुमारे २२ डेसिबल आहे. आकडा छोटा दिसतो, छत मात्र थरथरत असतं.

नियमावली

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्र म्हणजे १० ते ६. पहाटे पाच रात्रीतच मोडते, एवढं लक्षात असू द्या.

कंपनांक

ती मर्यादा परिसरातल्या आवाजाची आहे हो, दोन फ्लॅटमधल्या स्लॅबची नाही. पण पाच वाजता शांतता असते हा मुद्दा खरा. साडेसहाला सोसायटीचा पंप, दूधवाला, रिक्षा, सगळं सुरू झालं की तीच घूं त्यात बुडते. पाचला बुडायला काही नसतं.

खालचा_मजला

माझं नाव बघूनच कळलं असेल मी कुठल्या बाजूने बोलतोय. आमच्या वर एक हौशी सायकलपटू राहतात. घूंची मला तशी सवय झाली. झोप उडवतं ते दुसरंच:

ट्रेनर दिवाणाखालून फरफटत ओढणं. सायकल त्यात अडकवताना होणारा खाडकन आवाज. आणि सगळ्यात वाईट म्हणजे क्लीटचे बूट (तळाला पेडलमध्ये अडकणारा कडक तुकडा असलेले) घालून टाइलवरून पाण्याची बाटली आणायला जाणं. टक, टक, टक, थांबलं. मी छताकडे बघत पडलेला, आता परत कधी येणार? टक, टक, टक.

बूट सायकलशेजारी बसून घाला, तिथेच काढा. बाटली आधी भरून ठेवा. ट्रेनर रात्रीच मांडून ठेवा. हे सगळं फुकट आहे.

आणि कुठल्या वारी, किती वाजता, किती वेळ, ते खालच्यांना सांगून ठेवा. मंगळवार-गुरुवार पाच ते सहा असं माहीत असलं की त्या दिवशी माणूस चिडत नाही, कूस बदलतो.

तेलकट_हात

+१. क्लीटचा आवाज आपल्या ध्यानातच येत नाही. रबरी टोप्या मिळतात क्लीटवर घालायला, किंवा सरळ ट्रेनरवर साधे पेडल आणि साधे बूट.

बाडेनकर

जर्मनीतून लिहितोय. इथे रात्री १० ते सकाळी ६ शांततेची वेळ, लोक ती मनापासून पाळतात आणि पाळायलाही लावतात. आमची इमारत जुनी, मजल्यांमध्ये लाकडी तुळया आणि फळ्या. काँक्रीटच्या तुलनेत हलकं काम, त्यामुळे खर्ज विचारूच नका. डायरेक्ट ड्राइव्ह असूनही खालच्या आजोबांची चिठ्ठी आलीच. शेवटी तळघरात हलवलं. प्रत्येक फ्लॅटला तळघरात कोठी असते, तिथे सायकल, बटाटे आणि मी.

नव्या इमारतींत मात्र फरशीखालचा सिमेंटचा थर स्लॅबला चिकटलेला नसतो. मध्ये मऊ इन्सुलेशनचा थर असतो आणि कडेने भिंतीलाही तो टेकू देत नाहीत. पावलांचा आवाज तिथेच मरतो. आपल्याकडे टाइल थेट स्लॅबवर जाते, म्हणून वरच्यांनी खलबत्त्यात वेलदोडे कुटले तरी खाली कळतं.

मिरजकर

शहरातली माणसं महागड्या जिम मॅट घेतात ते बघून हसू येतं. आमच्याकडे गोठ्यात गाईंसाठी रबराची मॅट येते. इंच-पाऊण इंच जाड, साधारण साडेसहा बाय चार फूट, उचलायला दोन माणसं लागतात. पाचशे किलोची म्हैस त्यावर वर्षानुवर्षं उठते-बसते. पशुखाद्याच्या किंवा डेअरीच्या सामानाच्या दुकानात विचारा. ट्रेनर त्याच्यावर ठेवा, विषय संपला.

कंपनांक

मिरजकर, मॅट एक नंबर, पण अख्खी अंथरली तर विषय संपणार नाही. का ते सांगतो, कारण ९० टक्के लोक इथेच पैसे घालवतात.

कंपन अडवायचं असेल तर खालची वस्तू वजनाने *दबली* पाहिजे. किती दबली त्यावर सगळं ठरतं. ढोबळ हिशेब: १५.८ भागिले दबण्याच्या मिलिमीटरचं वर्गमूळ, की त्या मांडणीची स्वतःची कंप्रता हर्ट्झमध्ये मिळते. १ मिमी दबली तर १६ हर्ट्झ, ४ मिमी तर ८, ९ मिमी तर ५ च्या आसपास. त्रासदायक आवाजाची कंप्रता याच्या तिप्पट तरी असावी, मग खाली जाणारा जोर एक-अष्टमांश होतो. दीडपटीच्या आत असेल तर फायदा नाहीच, उलट कंपन वाढतं.

आता माणूस, सायकल, ट्रेनर मिळून नव्वद-पंच्याण्णव किलो. वर फळी टाकून हे वजन जाड भरीव रबराच्या अख्ख्या मॅटवर पसरलंत तर रबर केसाएवढंही दबत नाही. तुम्ही टाइलवर आणखी एक टाइल ठेवलीत. गाईला मऊ लागतं कारण तिचं वजन चार खुरांवर येतं.

उलट टोकाची गोष्ट योगा मॅटची आणि ईव्हीएच्या त्या रंगीत जोडटाइल्सची. ट्रेनरच्या चार छोट्या पायांखाली फोम पार चपटा होतो. चपटा झाला की त्यात दबायला काही उरतच नाही, आवाज सरळ खाली.

म्हणून मधला मार्ग: वर एक ताठ फळी, तिच्याखाली मोजून-मापून मऊ आधार. गाईच्या मॅटचेच दोन-दोन इंचाचे चौकोन कापून दोन थरांत फळीखाली ठेवलेत तरी अख्ख्या मॅटपेक्षा कितीतरी चांगलं. भोसरीत आमच्या प्रेसखाली याच तत्त्वाचे माउंट असतात, फक्त तिथे गणित टनांत.

ठाणेकरीण

आणि टेनिस बॉलचं? यूट्यूबवर सगळे तेच करतात. मला ते जुगाड वाटायचं.

कंपनांक

जुगाड असेल, पण ज्याचं माप जगभर ठरलेलं आहे असं जुगाड! आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमात साध्या चेंडूने सुमारे ८ किलो भाराखाली ५.६ ते ७.४ मिमी दबलं पाहिजे असं लिहिलेलं आहे. मला याहून स्वस्त आणि खात्रीची स्प्रिंग दाखवा. एका चेंडूवर ८-९ किलो येईल इतके चेंडू घेतले की मांडणीची कंप्रता ६ हर्ट्झ. तुमची घूं ८८ ला. कागदावर तरी अर्धा टक्कादेखील खाली जायला नको. प्रत्यक्षात स्लॅबही लवतो, फळीही लवते, त्यामुळे एवढं नाही मिळणार, पण फरक सांगावा लागणार नाही.

पेडलचा धक्का मिनिटाला ९० फेऱ्यांना सेकंदाला ३ वेळा येतो. तो ६ च्या खाली असल्यामुळे अडत नाही, किंचित वाढतोच. तुम्हाला थोडं डुलल्यासारखं वाटेल. ३ हर्ट्झ कुणाच्या कानाला ऐकू येत नाही, काकूंना त्याचं काही नाही.

पण हे सगळं करण्याआधी एकदा खाली जाऊन ऐका. वर कुणाला तरी पेडल मारायला सांगा. माझं गणित मी वर बसून मांडतोय.

घाटवेडा

रुमाल टाकून बसतो. काकूंच्या हातचा चहा पण मिळेल.

सिंहगडरोडी

चहा मिळाला, सोबत कांदेपोहे. :)

शनिवारी सकाळी भावाला वर सायकलवर बसवला, फोन चालू ठेवला आणि काकूंच्या स्वयंपाकघरात उभा राहिलो. एकदम वेगळंच प्रकरण आहे हो. माझ्या खोलीत जो सरसर आवाज असतो तो खाली नाहीच. नुसती एक जाड घूं, कुठून येते ते कळत नाही, सगळ्या बाजूंनी येते. आणि ताटाळं! भावाने वेग वाढवत नेला तसं २७-२८ ला ताटाळ्यातली स्टीलची ताटं एकमेकांना लागून किणकिणायला लागली. ताटांवर हात ठेवला की किणकिण बंद, घूं तशीच. ३२ ला नेलं तर ताटं गप्प. परत २८, परत किणकिण. काकू म्हणाल्या, "बघ, मला वाटायचं उंदीर आहेत."

अजून एक. ओट्यापाशी उभं राहिलं की घूं जोरात, समोरच्या फडताळापाशीही जोरात, पण मधोमध उभं राहिलं की बरीच कमी. त्यांच्या झोपायच्या खोलीत तर अगदी पुसट. असं का व्हावं?

कंपनांक

स्वयंपाकघर किती रुंद आहे? ओटा ते फडताळ, भिंत ते भिंत?

सिंहगडरोडी

मोजलं नाही. आमचं तसंच आहे वर, सात फूट.

कंपनांक

वा! सात फूट म्हणजे २.१ मीटर. समोरासमोरच्या भिंतींमध्ये जो सर्वांत खालचा सूर घुमतो त्याची तरंगलांबी रुंदीच्या दुप्पट, ४.२ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४५ मीटर धरा, भागून बघा: ८२ हर्ट्झ. आणि ताशी २८ ला तुमचा रोलर सेकंदाला ८२-८३ फेरे मारतो. भिंतींपाशी जोर, मधोमध शांत, हे तर त्याचं ठळक लक्षण. काकूंची खोली आणि तुमचा रोलर एका सुरात लागलेत.

झोपायची खोली मोठी असणार, तिचा सूर वेगळा.

ठाणेकरीण

मग गिअर बदलून वेग बदलला की झालं ना? तेवढीच ताकद, हलका गिअर, चाक हळू.

तेलकट_हात

तुमच्या ट्रेनरवर हो, यांच्या नाही. तुमचा स्मार्ट ट्रेनर इर्ग मोडला ठरलेले वॅट राखतो, चाक कितीही फिरो. तिथे पुढची छोटी चक्री घेतली की फ्लायव्हील हळू फिरतं आणि आवाज खरंच उतरतो. फ्लुइडमध्ये रोध वेगावर बांधलेला. १५० वॅट म्हणजे अमुक एक वेग, तो कुठल्याही गिअरने गाठा. गिअरने पायाची गती बदलेल, रोलरची नाही. यांना २८ टाळायचा तर एक तर जास्त घाम गाळायचा किंवा कमी.

घाटवेडा

जास्त गाळा. बीआरएमला उपयोगी पडेल.

(अवांतर: याच काकूंना गणपतीत कोपऱ्यावरचा डीजे चालतो का?)

खालचा_मजला

@घाटवेडा, डीजे दहा दिवस. ट्रेनर चार महिने. आणि डीजेला जिन्यात गाठता येत नाही.

सिंहगडरोडी

टेनिस बॉलचं करायचं ठरवलंय. मापं कशी घेऊ? आणि ट्रेनर कुठल्या खोलीत ठेवावा? सध्या हॉलच्या मधोमध आहे, टीव्हीसमोर.

कंपनांक

मधोमध नको. स्लॅब मध्यावर सर्वांत जास्त हलतो. कॉलमच्या कोपऱ्यात, बीमच्या जवळ न्या. बाल्कनीत अजिबात नको, ती बाहेर काढलेली असते. खाली कुणाचा बिछाना नाही अशी जागा बघा.

वरची फळी: १८ मिमी प्लाय, साडेचार बाय अडीच फूट, म्हणजे ट्रेनर आणि पुढचं चाक एकाच फळीवर येतात आणि पुढे वेगळा ठोकळा लावायला नको. खालची फळी तेवढीच, १२ मिमी चालेल. चेंडू पळू नयेत म्हणून खालच्या फळीवर ७५ मिमी पीव्हीसी पाइपच्या इंचभर उंचीच्या चकत्या कापून अरल्डाइटने चिकटवा. चेंडू आत सैल बसला पाहिजे, घट्ट कोंबलात तर दबणार कसा?

तुमचं वजन ७०-७२ धरलं, सायकल १३, ट्रेनर ९, फळी १२. एकूण १०६ च्या आसपास. १२ चेंडू. भार मागे जास्त असतो म्हणून ट्रेनरखाली ८, पुढे ४. सायकलवर बसल्यावर फळी सपाट दिसली पाहिजे. मागे झुकली तर पुढचा एखादा चेंडू मागे सरकवा.

आणि एक पथ्य: फळी भिंतीला, दिवाणाला, कशालाही टेकू द्यायची नाही. एका कोपऱ्याला भिंत लागली तरी कंपनाला वाट मिळाली. पंख्याचा स्टँड फळीवर नको, बाजूला जमिनीवर.

मिरजकर

आणि कडप्पा? वरच्या फळीवर चार बाय दोनचा कडप्पा टाकला तर चाळीस किलो सहज वाढतं. जड झालं की हलणार कमी.

कंपनांक

एकदम बरोबर, मिरजकर. जड वस्तूला तोच रोलर कमी हलवतो आणि डुलणंही कमी होतं. पण चेंडू त्या हिशेबाने वाढवा, आणखी ४-५. कडप्पा प्लायच्या *वर* आणि त्याच्यावर पुन्हा पातळ रबर, नाहीतर ट्रेनरच्या पायाखाली तडकेल. भाड्याचं घर, दुसरा मजला, लिफ्ट आहे का ते आधी विचारा.

सिंहगडरोडी

लिफ्ट नाही. कडप्पा रद्द.

तेलकट_हात

चेंडू नवे घेऊ नका. टेनिस क्लबमध्ये वापरून टाकलेले गोणीने पडलेले असतात. फक्त सगळे साधारण सारखे निवडा, हाताने दाबून. पार मेलेला एकही नको, नाहीतर फळी त्या कोपऱ्यात बसते.

सिंहगडरोडी

अपडेट.

टायर २८ चा गुळगुळीत घातला. आमच्या खोलीत फरक लगेच कळला. मधल्या सुराची जी सरसर होती ती जवळपास गेली, आता चेन ऐकू येते. काकूंना मात्र काही फरक नाही. कंपनांक म्हणाले होते तसंच.

मग फळी. प्लायवाल्याने कापून दिली, चकत्या मी हॅक्सॉने कापल्या, कडा वेड्यावाकड्या पण चालून गेल्या. चेंडू क्लबमधले. ट्रेनर हॉलच्या कोपऱ्यात, भिंतीपासून वीतभर. पुन्हा भाऊ वर, मी खाली. २८ ला ताटं गप्प! ओट्यावर तळहात टेकवून उभा राहिलो तर अगदी बारीक काहीतरी जाणवतं. कानाला म्हणाल तर फ्रिज चालू असताना नाहीच, फ्रिज बंद झाला की पुसटसं. काकूंनी स्वतःहून सांगितलं की फ्रिजच जास्त आवाज करतो.

डुलण्याबद्दल: पहिले काही दिवस विचित्र वाटलं, खास करून सायकलवर चढताना फळी एका बाजूला कलते. शेजारी खुर्ची ठेवतो, तिला धरून चढतो. उभं राहून जोर लावणं सोडून दिलंय. बसून चालवताना मात्र बुडाला उलट बरं वाटतं.

वेळ पाचऐवजी साडेपाच केली, वार ठरवून काकूंना सांगितले. क्लीट बंद, साधे पेडल. खालचा_मजला, तुमचे खास आभार, ते टक-टक आमच्याकडेही होतंच म्हणे, काकू बोलल्या नव्हत्या इतकंच.

खालचा_मजला

या धाग्याची लिंक आमच्या वरच्यांना पाठवावी का या विचारात आहे.

ठाणेकरीण

पाठवा. सोबत १२ चेंडू पण पाठवा.

बाडेनकर

फळीवर जुना टॉवेल अंथरा. घाम प्लायमध्ये मुरला की फुगते, आणि हँडलच्या बोल्टवर घाम साठून गंज धरतो. माझ्या स्टेमचा एक बोल्ट त्यातच गेला.

अजस्र

उशिरा आलो धाग्यावर. माझं वजन ९६, डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर २० किलोच्या आसपास, सायकल मागचं चाक काढून ९. १२ चेंडूंवर भागेल का? आणि मला उभं राहून पेडल मारायचंच असतं, चढाच्या सरावासाठी.

कंपनांक

फळीसकट १३७ किलो. १२ चेंडूंवर प्रत्येकी साडेअकरा येतात, जुने चेंडू फार दबतील. १६ घ्या. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये ट्रेनरखाली भार आणखी एकवटतो, तेव्हा मागे ११, पुढे ५ अशी सुरुवात करा आणि फळीची पातळी बघून सरकवा.

उभं राहायचं असेल तर चेंडू फळीच्या कडेला जितके बाहेर नेता येतील तितके न्या आणि फळी अडीचऐवजी तीन फूट रुंद घ्या, तिच्या वाढलेल्या वजनाने १६ चेंडूंना काही होत नाही. तरीही डुलणं खटकलं तर चेंडू सोडून गाईच्या मॅटचे दोन थरांतले चौकोन. आवाज चेंडूंइतका अडणार नाही, पण फळी पायाखाली स्थिर राहील. तुमच्या खाली कोण राहतं त्यावर ठरवा.

अजस्र

खाली पार्किंग आहे.

कंपनांक

मग कशाला खर्च करताय! योगा मॅट टाका आणि चालवा.